मेमरी बदलायची म्हणजे नेमकं काय बदलायचं, ते आधी विचारा

वाचकाचं पत्र:

दादा, माझा लॅपटॉप पाच वर्षं जुना आहे, ८ जीबी रॅमचा. फार हळू चालतो, आणि गेल्या काही महिन्यांपासून मधेच निळी स्क्रीन येऊन आपोआप रीस्टार्ट होतो. दुरुस्तीवाले म्हणाले मेमरी बदलून घ्या, १६ करा. पण मी धसका घेतलाय, कारण याच्या आधीच्या लॅपटॉपची अशीच "मेमरी बदलली" होती आणि तो परत आला तेव्हा आत काहीच नव्हतं, सगळे फोटो गेले. आता या लॅपटॉपवर माझा पीएचडीचा थिसिस आहे आणि बाबांच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज आहेत. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. मेमरी बदलली तर हे सगळं जाईल का? आणि १६ केली तर तो डिस्क भरल्याचा मेसेज तरी यायचा बंद होईल का?
– सहा महिने टाळाटाळ करणारी एक वाचक

उत्तर:

ताई, ज्यासाठी पत्र लिहिलंय ते आधी सांगून टाकतो म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. रॅम बदलल्याने फायली जात नाहीत. थिसिस जात नाही, रेकॉर्डिंग्ज जात नाहीत, डेस्कटॉपवरचं एक आयकॉनसुद्धा जागचं हलत नाही, कारण त्या फायली रॅममध्ये कधी साठवलेल्या नसतातच, त्या असतात हार्ड डिस्कवर किंवा तिच्या जागी येणाऱ्या एसएसडीवर. पण तुमच्या पत्रात ती निळी स्क्रीन आहे ना, तिच्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तुमच्या बाबतीत खरा धोका रॅम बदलण्यात नाहीये, आत्ता आत बसलेल्या रॅमवर काम करत राहण्यात असू शकतो.

शाळेत पाटी आणि वही दोन्ही असायचं ना, तसंच आहे हे. गणित पाटीवर करायचं, जमलं की वहीत उतरवायचं, पाटी पुसायची. रॅम ही पाटी आणि डिस्क ही वही. तुम्ही थिसिस उघडता तेव्हा वहीतलं पाटीवर येतं, टाईप करता ते पाटीवर, आणि सेव्ह दाबलं की परत वहीत जातं. आता पाटी बदलून मोठी घेतली म्हणून वहीतलं पान फाटणार आहे का? नाही ना.

आणि ही पाटी इतकी विसराळू असते की लाईट गेली की लगेच कोरी. रॅमच्या आत प्रत्येक बिटसाठी एक इवलासा कॅपॅसिटर असतो, त्यात विजेचा भार साठवायचा म्हणजे १ आणि नाही साठवला म्हणजे ०, पण तो भार सतत गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी, म्हणजे एका सेकंदात पंधरा वेळा, सगळं वाचून परत भरावं लागतं. ही एक ट्रान्झिस्टर आणि एक कॅपॅसिटरवाली कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, १९६८ ला त्यांना पेटंट मिळालं, आणि आजही तुमच्या लॅपटॉपमध्ये मूळ तत्त्व तेच आहे. भरणं थांबलं की सगळं पुसलं जातं. त्यामुळे बंद लॅपटॉपमधून काढलेल्या रॅममध्ये जायला काही उरलेलंच नसतं. एसएसडीचं तसं नाही, तिथे भार अडकवून ठेवलेला असतो, वीज नसली तरी तो टिकतो.

मग मागच्या वेळी काय झालं? मी तो लॅपटॉप बघितलेला नाही, पण माझ्याकडे आलेल्या बऱ्याच पत्रांत हीच गोष्ट असते. आपण सगळे "मेमरी" हा शब्द दोन वेगळ्या वस्तूंना वापरतो. फोनची मेमरी फुल झाली म्हणतो तेव्हा आपल्याला स्टोरेज म्हणायचं असतं, मेमरी कार्ड म्हणजे पण स्टोरेज, आणि लॅपटॉपची मेमरी ८ जीबी म्हणतो तेव्हा रॅम. एकच शब्द. तुम्हाला सांगितलं मेमरी बदलली, आणि प्रत्यक्षात डिस्क बदलली गेली असेल, किंवा डिस्क तीच ठेवून फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकलं असेल. या दोन्हींत फोटो जातात. नुसत्या रॅमने ते झालेलं नसणार.

म्हणून या वेळी फोनवर मोघम बोलू नका, सरळ विचारा: तुम्ही रॅम बदलणार आहात की हार्ड डिस्क? आणि विंडोज परत टाकणार आहात का? रॅमसाठी विंडोज परत टाकायची अजिबात गरज नसते, फॉरमॅटची नाही, तुमच्या पासवर्डचीही नाही. मागचं झाकण उघडायचं, दोन्ही बाजूच्या क्लिपा बाहेर ओढल्या की जुनी स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, तिरकी वर येते, नवी तशीच तिरकी घालून खाली दाबायची, क्लिप टक्‌ करून बसते. पाच-दहा मिनिटांचं काम, झाकण उघडायला वेळ लागला तर अजून थोडं. समोर बसून करून घ्या. कोणी म्हणालं की दोन दिवस ठेवून जा, विंडोज पण फ्रेश करून देतो, तर नको म्हणायचं, स्पष्टपणे, आणि लेखी द्यायला सांगायचं की डेटा हलवायचा नाही.

आता निळी स्क्रीन. ती शंभर कारणांनी येते, ड्रायव्हर बिघडला, डिस्क जायला लागली, गरम होतंय, पण एक कारण खराब रॅम हे पण आहे, आणि दुरुस्तीवाल्यांना रॅम बदला म्हणावंसं वाटलं ते नुसतं हळू चालतं म्हणून की तसा काही संशय आला म्हणून, हे विचारून घ्या. कारण पाटीलाच तडा गेला असेल तर? पाटीवर ८ लिहिलं, तड्यामुळे ते ३ दिसलं, आणि तुम्ही वहीत ३ उतरवलं. वहीचा काही दोष नाही. आणि तुम्हाला पत्ताच नाही, कारण सेव्ह झालं म्हणून मेसेज व्यवस्थित आला.

हे माझ्याच बाबतीत झालंय म्हणून इतकं कळकळीनं लिहितोय. घरातले सगळे जुने फोटो मी एका कॉम्प्युटरवरून बाहेरच्या डिस्कवर हलवले, कॉपी नाही केले, कट-पेस्ट केले, ही माझी चूक. तो कॉम्प्युटर अधूनमधून बंद पडायचा पण मी लक्ष दिलं नाही. काही महिन्यांनी आजीचा एक फोटो उघडला, डोकं आणि खांदे नीट, आणि त्याखाली एकदम करडा पट्टा, मग सगळं हिरवट-गुलाबी आणि एका बाजूला सरकलेलं. वाटलं एकच बिघडला असेल. मग एकेक उघडत गेलो तर मधेच कुठेतरी दहा चांगले, एक असा, वीस चांगले, दोन असे. जेपेग फोटोत एक बिट जरी उलटा झाला ना तरी तिथून खालचं सगळं बिघडू शकतं. रॅम तपासणारा मेमटेस्ट नावाचा प्रोग्रॅम लावून बघितलं तर पहिल्या दहा मिनिटांत लाल ओळी यायला लागल्या. रॅम बदलली, कॉम्प्युटर छान चालायला लागला, पण ते फोटो तसेच राहिले, कारण नवी रॅम आधी बिघडलेली फाइल दुरुस्त करत नाही. हे कुणीतरी मला आधी सांगायला हवं होतं.

आणि हे काही विरळा नाही. गूगलच्या सर्व्हरांवर झालेला एक मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरात साधारण ८ टक्के रॅम स्टिकांमध्ये एरर सापडल्या होत्या. सर्व्हरमध्ये ईसीसी नावाची रॅम असते, ती एका बिटची चूक स्वतःच पकडून सुधारते. आपल्या साध्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा तशी सोय नसते, चूक झाली की झाली.

तर यातून तुमच्या फायलींचं काय, हे नीट बघू, कारण इथे आपल्याला वाटतं त्याच्या बरोबर उलटं आहे. तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी बाबांच्या रेकॉर्डिंग्जची असणार, साहजिक आहे, पण त्या तुम्ही फक्त ऐकता, त्यात काही बदलून परत सेव्ह करत नाही, म्हणजे वही फक्त वाचली जाते, त्यात नवीन काही उतरवलं जात नाही. ऐकताना रॅमने गडबड केली तर आवाज एखाद्या ठिकाणी खरखरेल, पण डिस्कवरची मूळ फाइल तशीच राहते. थिसिसचं मात्र रोज उघडा, लिहा, सेव्ह करा, म्हणजे रोज ती फाइल त्या पाटीवरून जाऊन परत वहीत उतरते. खराब रॅममध्ये जास्त धोका थिसिसला आहे. डिस्कवरची यादी, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची नोंद, ती पण रॅममधूनच जाते, त्यामुळे रेकॉर्डिंग्जना धोका शून्य असं मी म्हणणार नाही, पण कमी आहे.

म्हणून बॅकअप घ्यायच्या आधी एक रात्र रॅम तपासायला द्या. नेहमी सगळे सांगतात की आधी बॅकअप, मी पण एरवी तेच सांगतो, पण निळी स्क्रीन येणाऱ्या मशीनवर आधी तपासणी, कारण खराब रॅममधून काढलेला बॅकअपच खराब निघू शकतो आणि तो तुम्ही जुन्या चांगल्या बॅकअपवर चढवला तर चांगली कॉपी पण गेली. विंडोजमध्ये स्टार्टला जाऊन मेमरी डायग्नोस्टिक टाईप करा, विंडोज मेमरी डायग्नोस्टिक नावाचं येईल, ते रीस्टार्ट करून तपासतं. त्याहून कसून बघायचं तर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा आणि रात्रभर चालू ठेवायचा, चार्जर लावून. पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर बनवा, आणि तो पूर्ण पुसला जातो म्हणून रिकामा घ्या. तपासणीत तुमच्या फायलींना हात लागत नाही. एक जरी एरर आली तरी ती रॅम खराब समजायची, एकच तर आहे म्हणून सोडायचं नाही.

एरर नाही आली तर बॅकअप घ्या, नव्या बाहेरच्या डिस्कवर, जुन्या कॉपीवर न चढवता वेगळ्या फोल्डरमध्ये. एरर आली तर लॅपटॉप बंद करा, थिसिसवर एक ओळ सुद्धा लिहू नका, आधी रॅम बदला आणि मग बॅकअप. फारच धाकधूक वाटत असेल तर डिस्क काढून दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरला लावून कॉपी करून घेता येते, ते जास्त सुरक्षित. कॉपी झाल्यावर बाबांच्या रेकॉर्डिंग्ज बाहेरच्या डिस्कवरून एकदा शेवटपर्यंत ऐका, नुसतं फाइल दिसतेय म्हणून समाधान मानू नका. आणि त्यांची अजून एक कॉपी तिसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या घरात कुणाकडे किंवा ऑनलाईन.

थिसिसच्या जुन्या कॉपी पण शोधा, गाईडना मेल केलेली, पेनड्राइव्हवर राहिलेली, कुठलीही, आणि टाकून देऊ नका. आत्ताची फाइल नीट उघडते का, तक्ते आणि आकृत्या जागेवर आहेत का, हे एकदा बसून पानोपान बघा. वर्डची फाइल आतून झिप असते, त्यामुळे ती बिघडली तर बऱ्याचदा उघडतानाच कुरकुर करते, ते एका अर्थी बरंच, कळतं तरी.

आता एक गोष्ट जी माझ्या मते तुमच्या केसमध्ये सगळ्यात जास्त चुकू शकते. ८ ची १६ करायची म्हणजे बहुतेक वेळा जुनी ८ ची स्टिक तशीच ठेवून शेजारच्या रिकाम्या स्लॉटमध्ये दुसरी ८ लावतात. जुनी चांगली असेल तर काही हरकत नाही, उलट जोडीने काम थोडं वेगाने होतं. पण जुनीच खराब असेल तर? तर तुम्ही पैसे घातले, १६ दिसायला लागले, आणि तडा गेलेली पाटी आतच राहिली. थिसिस बिघडायचं काही थांबलं नाही. म्हणून ती रात्रीची तपासणी मी इतकी ताणून धरतोय. आणि नवी लावल्यावर पण एकदा तपासायची, कारण नवीन स्टिक सुद्धा खराब निघते कधी कधी, आणि मग बदलून मिळते, महिन्यांनी गेलात तर कटकट होते.

विकत घ्यायच्या आधी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे किती स्लॉट आहेत आणि किती वापरलेत ते दिसतं. पाच वर्षं जुना म्हणजे आतली रॅम बहुतेक डीडीआर४ प्रकारची असेल पण बघून घ्या, डीडीआर५ तिथे बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवर डाखलेली असते, ती बदलता येत नाही, तसं निघालं तर मला परत लिहा, कारण मग सल्ला वेगळा.

डिस्क भरल्याच्या मेसेजचं उत्तर थोडं निराशाजनक आहे. रॅम वाढवून फायलींना जागा वाढत नाही, आणि उलट सी ड्राइव्हवरची जागा थोडी कमी झालेली दिसू शकते. विंडोज हायबरनेटसाठी, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून लॅपटॉप बंद करण्यासाठी, एक लपलेली फाइल ठेवतं, हायबरफिल डॉट सिस, ती साधारण रॅमच्या ४० टक्के असते. ८ जीबीला ३.२, १६ जीबीला ६.४, म्हणजे तीन-एक जीबी आपोआप गेले. पेजफाइल डॉट सिस म्हणून अजून एक असते, तिचा आकार पण विंडोज आपल्या मनाने बदलतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण रॅम बदलल्यानंतर जागा कमी झालेली दिसली की तुमच्यासारख्या आधीच पोळलेल्या माणसाला पहिलं वाटणार की काहीतरी गडबड केली. तशी काही गडबड नसते ती. डिस्क खरंच भरत आली असेल तर मोठी एसएसडी हा वेगळा विषय आहे, आणि तिथे मात्र फायली आधी क्लोन, म्हणजे जशाच्या तशा कॉपी, कराव्या लागतात, त्या आपोआप येत नाहीत. दोन्ही कामं एकाच दिवशी एकत्र करू नका, म्हणजे काही झालं तर कशामुळे झालं ते कळेल.

ज्या दिवशी रॅम बदलायची त्या दिवशी सगळं सेव्ह करून प्रोग्रॅम बंद करा. स्लीपमध्ये असलेला लॅपटॉप उघडायचा नाही, स्लीपमध्ये रॅमला वीज चालू असते, त्यात स्टिक काढली तर सेव्ह न केलेलं गेलंच आणि पार्ट जळायची भीती वेगळी. हायबरनेट पण नको, त्यात पाटीवरचं सगळं जसंच्या तसं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेलं असतं आणि ते नव्या पाटीवर नीट उतरेल याची खात्री नाही. आणि विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचं आलंय, त्यात आपण शटडाऊन म्हणतो तरी ते अर्धं हायबरनेटच असतं, म्हणून शिफ्ट दाबून धरून शटडाऊनवर क्लिक करा, मग ते पूर्ण बंद होतं. चार्जर काढायचा, आतली बॅटरी सुटी होत असेल तर ती पण.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का तेवढं बघा, सेटिंग्जमध्ये दिसतं. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून घ्या. रॅम बदलल्यावर सहसा विचारत नाही, पण कोणी सोबत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, काही बदललं तर विचारू शकतं आणि ती की नसेल तर फायली डिस्कवर असूनही आपल्याला उघडता येत नाहीत.

नवी रॅम लावल्यावर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही वेळ काळी राहिली तर लगेच बटण दाबून बंद करू नका, मशीन नव्या रॅमशी जुळवून घेत असते, दोन-चार मिनिटं थांबा. त्यानंतरही काळीच राहिली तर स्टिक पूर्ण बसलेली नसते बऱ्याचदा, बंद करून काढून परत घालायची.

जुनी रॅम कुणाला दिली तर त्यात माझं काही जाईल का, हे अजून तुम्ही विचारलं नाहीये पण लोक हमखास विचारतात. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं होतं की वीज तोडल्यावरही रॅममधलं थोडा वेळ राहतं, स्टिक खूप थंड केली तर काही मिनिटंसुद्धा, पण ते तेवढंच. तुमच्या हातात येईपर्यंत ती कोरी झालेली असते, खुशाल द्या.

डिस्कचं तसं नसतं, आणि म्हणून शेवटी ते मागच्या लॅपटॉपचं. त्या दुरुस्तीवाल्यांना आजच फोन करून विचारा की तेव्हा नक्की काय बदललं होतं. डिस्क बदलली असेल तर जुनी कुठे आहे, किंवा तुमच्याच घरात त्या लॅपटॉपच्या पिशवीत ठेवून दिली होती का, बरेच जण परत देतात आणि आपण न बघता कपाटात टाकतो. ती सापडली तर तुमचे फोटो अजून तिच्यावर असू शकतात. लावून बघायची घाई करू नका, टिकटिक आवाज येत असेल तर लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्यांनाच दाखवा, सुरू-बंद करत राहिलं तर उरलेलं पण जातं. आणि फॉरमॅट मारलं होतं असं कळलं तर तो लॅपटॉप अजून घरात आहे का ते बघा, असेल तर सुरू करू नका, मला लिहा, त्यावर नंतर किती वापर झालाय यावर बरंच अवलंबून आहे.